नेतृत्व प्रशिक्षण पूर्ण करताना: विदर्भातल्या तरुण कार्यकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्षभराचं नेतृत्व प्रशिक्षण घेणाऱ्या आणि आता शेवटच्या टप्प्यावर आलेल्या सर्वांसाठी हे पान आहे. आपल्या तुकड्यांमध्ये आरोग्यसेविका असतात, जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक, उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, कृषी केंद्रावर बसणारे, संस्थांचे क्षेत्र समन्वयक असतात. कामं वेगळी, जिल्हे वेगळे, पण शेवटच्या दोन-तीन महिन्यांत फोनवर येणारे प्रश्न बहुतेक सारखेच. त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

प्रशिक्षण पूर्ण झालं असं कधी मानायचं?

कागदावर अटी तीन आहेत. निवासी शिबिरांची हजेरी, गावात किंवा कामाच्या ठिकाणी हाती घेतलेलं एक काम, आणि त्या कामाची गावासमोर मांडणी. तिन्ही लागतात. पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवतो: तुम्ही महिनाभर बाहेरगावी गेलात तर ते काम कोण चालवणार? त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता आलं, आणि त्या माणसाने ते काम आम्हाला स्वतःच्या तोंडाने समजावून सांगितलं, की तुमचं प्रशिक्षण पूर्ण.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईचं काम सांगतो. ती सीआरपी. तिच्या गावचा कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर जायचा आणि ओलावा जास्त म्हणून परत यायचा. सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. ८ च्या वर गेला की टक्क्यागणिक भाव कमी होतो, १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. परतीच्या गाडीचं भाडं अंगावर पडतं, म्हणून बरेच कास्तकार वाटेतच व्यापाऱ्याला पडेल त्या भावात माल देऊन मोकळे होत. ताईने ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत हा विषय काढला आणि संघाने ओलावा मोजायचं यंत्र विकत घेतलं.

यंत्र तिने स्वतःच्या घरी ठेवलं नाही. ते ग्रामसंघाच्या खोलीत लोखंडी पेटीत असतं. पेटीला दोन किल्ल्या, गावाच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन बायांकडे. सोबत एक वही, तिच्यात चार रकाने: नाव, तारीख, ओलावा किती, आणि माल वाळवायला परत नेला की केंद्रावर पाठवला. आम्ही ती वही चाळली तेव्हा पहिल्या तीन पानांवर ताईचं अक्षर होतं, चौथ्या पानापासून दुसऱ्या दोघींचं. ऐन वेचणीच्या दिवसांत ताई बाळंतपणाला माहेरी होती, तरी या दोघी वही भरत होत्या. तिचं काम आम्ही तिथेच पूर्ण धरलं. तिची मांडणी तोवर झालीही नव्हती.

पेरणीत एक शिबिर बुडलं. प्रमाणपत्र अडेल का?

नाही. ऐन मृगात वावर सोडून या असं आम्ही म्हणणार नाही. बुडालेली सत्रं पुढच्या तुकडीसोबत बसून भरून काढता येतात. वेळापत्रक आखतानाच पेरणी, पूर्वेकडची धानाची रोवणी, पोळा-तान्हा पोळा आणि कापसाची वेचणी हे दिवस आम्ही वगळतो, तरी पाऊस मागेपुढे होतोच. गडचिरोली-गोंदियाकडच्या काही जणांना मे महिन्यातलं शिबिर तेंदूपत्त्यामुळे जमत नाही. आधी कळवलं तर पर्याय निघतो. न कळवता गैरहजर राहिलात तर मात्र पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागेल.

वरिष्ठ सुटी देत नाहीत. काय करू?

आमच्याकडून तारखांचं पत्र मागून घ्या आणि ते लेखी अर्जासोबत जोडा. तोंडी "जा ना" वर विसंबून येऊ नका, नंतर बिनपगारी रजा लागल्याची उदाहरणं आहेत. लसीकरणाचा दिवस, शाळेची परीक्षा, कंपनीची खरेदी सुरू असणं अशी खरी अडचण असेल तर तुमच्या जागी त्या दिवशी कोण काम बघेल, हे अर्जातच लिहा. परवानगी मिळण्याची शक्यता त्याने बरीच वाढते.

गावकामाचा विषय मोठा हवा का?

लहान हवा. एका हंगामात ज्याचा शेंडा-बुडखा दिसेल असा हवा. "गाव व्यसनमुक्त करणे", "आदर्श शाळा", "युवकांना रोजगार" असे विषय आम्ही परत पाठवतो. ते महत्त्वाचे नाहीत असं मुळीच नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः बायांच्या, अनेक वर्षांच्या रेट्यातून. एवढं मोठं काम एकट्याने वर्षभरात पेलायला घेतलं की माणूस फक्त फलक रंगवत राहतो. त्यातला एक तुकडा घ्या. उदाहरणार्थ, शाळेच्या परिसरातल्या टपरीवर तंबाखू-खर्रा मिळू नये एवढंच. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. टपरीवाल्या भाऊंशी बोलायचं, शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्यायचा, आणि त्यांचा धंदा बुडू नये म्हणून दुसरं काय विकता येईल तेही त्यांच्यासोबत बसून बघायचं. वर्षाचं काम म्हणून हे पुरेसं आहे.

विषय निवडताना आम्ही तीन गोष्टी विचारतो. हा त्रास तुमच्याशिवाय गावात आणखी कोणाला होतो, त्यांची नावं सांगा. बाहेरून एक रुपया आला नाही तरी यातलं काय सुरू करता येईल? आणि यासाठी एखादा कायदा किंवा नियम आधीच आहे का? तिसऱ्या प्रश्नाने पुष्कळ कामं सोपी झाली आहेत. सेवा केंद्र चालवणाऱ्या एका भाऊला दाखल्यांसाठी लोकांनी चार-चार चकरा मारणं थांबवायचं होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, कोणता अधिकारी देणार आणि अपील कोणाकडे करायचं, ही यादी कार्यालयाच्या दर्शनी भागात लावणं त्यात बंधनकारक आहे. त्याने ग्रामपंचायतीला विनंतीचा अर्ज दिला, यादी लागली, आणि दहावीतल्या चार मुलांना ती वाचून दाखवायला शिकवलं. आता म्हातारी माणसं त्या मुलांनाच विचारतात.

मांडणी ग्रामसभेतच का? तालुक्याच्या सभागृहात पाहुण्यांसमोर केली तर चालणार नाही का?

पाहुणे टाळ्या वाजवून निघून जातात. तुमच्या कामाचा ज्यांना उपयोग किंवा त्रास झाला त्यांनी तुम्हाला प्रश्न विचारावेत म्हणून मांडणी ग्रामसभेत. ज्यांचं काम गावाशी जोडलेलं नाही त्यांनी ती उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेत, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत करावी.

तयारी मात्र लवकर सुरू करा. वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्या साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सभेची नोटीस ७ दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या नोटिशीत यायला हवा, म्हणजे निदान पंधरा-वीस दिवस आधी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या नावे अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ" असं सांगितलं तरी अर्ज द्याच. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा होते, तिथेही विषय ठेवा. खरे प्रश्न तिथे विचारले जातात.

वेळ गावाला विचारून ठरवा. १ मे च्या सभेला चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपर्यंत गेलेला असतो, अकरा वाजता ठेवलेल्या सभेत बाराला कोणी उरत नाही. सकाळी आठला ठेवा म्हणून आधीच बोलून घ्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. आदल्या रात्री गावात किंवा शेजारच्या गावात नाटक असेल तर पहाटेपर्यंत जागलेली माणसं सकाळच्या सभेला कुठून येणार?

कोरमच झाला नाही तर?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी ती हजर हवी. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नसते, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. म्हणूनच मूळ नोटिशीत विषय असण्यावर आम्ही एवढा जोर देतो. तहकूब सभेत केलेली मांडणी आम्ही ग्राह्य धरतो. फक्त कोरम का झाला नाही, हे अहवालात दोन ओळींत लिहा. लोक का येत नाहीत हे तुम्हाला समजलेलं असणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

माइक हातात आला की बोबडी वळते. सूट मिळेल का?

सूट नाही, पण मदत मिळेल. आणि भाषण करायचंच नाहीये, हे आधी लक्षात घ्या.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. शाळेत गेले नव्हते. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरं कापावं का, मुलाला शाळेत घालावं का. उत्तर समोरच्याच्या तोंडून आलं की त्याला ते नाकारता येत नाही. सभेत बोलण्याची याहून चांगली रीत आम्हाला माहीत नाही.

तुमच्याकडे दहा मिनिटं असतात. पहिली दोन विचारण्यात घालवा. "यंदा केंद्रावरून कोणाची गाडी परत आली?" एवढं विचारलं की सभा बोलू लागते. मग तुमचं काम सांगा, आणि शेवटची तीन-चार मिनिटं ज्याच्या हाती ते काम आता आहे त्याला बोलू द्या. घरात बोलता त्याच बोलीत बोला. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू, कोलामी, कशातही. छापील मराठीचा आग्रह कोणी धरला तर आमचं नाव सांगा. पडद्यावरच्या चित्रफिती आणि स्लाइड नकोत. वीज गेली की मांडणीच बंद पडते.

मेंढा-लेखाला भेट कशासाठी? आणि तिथे भाषण का ठेवत नाही?

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. इथले ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण तिथे गेल्यावर कोणा एकाच्या मागे धावू नका, कारण त्या गावाची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे.

तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. आपल्याला हे फार संथ वाटतं. पण त्यांच्याकडे अभ्यासगट आहेत. जंगल, कायदा, हिशोब असा एखादा विषय घेऊन गावातले लोक बसतात, बाहेरचा जाणकार बोलावतात, त्याला हवे तेवढे प्रश्न विचारतात. अभ्यासगटात निर्णय होत नाही, निर्णय फक्त ग्रामसभेत. बाहेरच्याने माहिती द्यावी आणि ठरवायचं गावाने, ही विभागणी तिथे पक्की आहे.

हे आम्ही एवढं लांबण लावून सांगतोय कारण शिकून गावात परतलेल्या तरुणाकडून नेमकं इथेच चुकतं. त्याला माहिती जास्त असते, म्हणून तो ठरवूनही टाकतो. आणि त्याने ठरवलेलं गाव पाळत नाही. मेंढा-लेखाहून परत आलात की आपल्या कामाकडे या डोळ्यांनी पाहा. तुमच्या कामात अभ्यास कोणी केला आणि ठरवलं कोणी, हे अहवालात वेगवेगळं लिहायचं आहे. भेटीत भाषण ठेवत नाही कारण तिथे आपण ऐकायला जातो.

गावातले म्हणतात, "पोट्ट्याले सरपंच व्हायचं हाय." काय उत्तर देऊ?

हे जवळजवळ प्रत्येकाला ऐकावं लागतं. मुलींना वेगळ्या शब्दांत ऐकावं लागतं. चिडून उपयोग नाही, खुलासे देत बसूनही नाही. गावाने आजवर पाहिलं तेच ते बोलतात: जो माणूस अचानक सगळ्यांची कामं करायला लागतो तो निवडणुकीआधी लागतो. तुमचं काम निवडणुकीनंतरही सुरू दिसलं की बोलणं आपोआप थांबतं. तोवर फलकावर स्वतःचा फोटो नको, गटाच्या संदेशात स्वतःचं नाव नको, आणि अधिकाऱ्याला भेटायला एकट्याने जाणं नको. प्रत्येक वेळी सोबत वेगळी दोन माणसं न्या.

आणि खरंच सरपंच व्हायचं असेल तर?

मग उघड सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, चांगली माणसं पंचायतीत यावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. वय २१ पूर्ण आणि नाव गावच्या मतदार यादीत हवं. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी उत्तीर्ण हवी. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्राची धावपळ आधीपासून सुरू करा, ते ऐनवेळी मिळत नाही. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत राहून ही निवडणूक लढवता येत नाही. प्रशिक्षणाच्या काळात प्रचार करू नये आणि आमचं नाव प्रचारात कधीच वापरू नये, एवढ्याच आमच्या अटी.

आमच्याकडे सरपंच ताई आहेत, पण सगळं त्यांचे यजमान बोलतात.

महाराष्ट्रात पंचायतराज संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यांचा अधिकार वापरात यावा यासाठी तुम्ही तुमच्या बाजूने काही गोष्टी करू शकता. पत्र ताईंच्या नावे लिहा आणि त्यांच्याच हातात द्या. फोन त्यांच्या नंबरवर करा. तुकडीतल्या एखाद्या मुलीला सोबत घेऊन त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून विषय समजावून सांगा. सभेत त्यांना तो पहिल्यांदाच ऐकावा लागू नये. यजमानांचा अपमान करू नका, त्याची शिक्षा घरी ताईंना होते.

मी मुलगी आहे. शिबिराहून परत यायला उशीर होतो म्हणून घरचे नको म्हणतात.

शेवटच्या दिवसाचं सत्र तुमच्या मार्गावरची शेवटची एसटी पकडता येईल अशा बेताने संपवतो. तालुक्यातून गावाकडे जाणारी मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते नोंदणी अर्जात लिहा, तो रकाना त्यासाठीच आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई किंवा सासूबाई एकदा सोबत येऊन जागा पाहून गेल्या तरी खर्च फार येत नाही. त्यांना जरूर आणा. त्यांनी एकदा राहण्याची खोली पाहिली, सोबतच्या मुली पाहिल्या की पुढच्या वेळी त्याच पिशवी भरून देतात. अंगावरचं बाळ घेऊन आलात तरी चालेल, सांभाळायला एक मावशी असतात.

प्रशिक्षणात किंवा कामाच्या ठिकाणी कोणी त्रास दिला तर गप्प राहू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लिहायला आम्ही सोबत बसू.

माझ्या जातीमुळे गावात काही लोक माझं ऐकत नाहीत.

हा प्रश्न बरेच जण शिबिरात सगळ्यांसमोर विचारत नाहीत, रात्री जेवण झाल्यावर बाजूला येऊन विचारतात. म्हणून इथे उघडपणे लिहितो. हा तुमच्या नेतृत्वातला दोष नाही.

कामाच्या पातळीवर पहिली गोष्ट बैठकीची जागा. कोणाच्या वाड्यावर, ओसरीवर किंवा जिथे सगळ्यांना सारखं बसता येत नाही तिथे बैठक नको. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत. सगळे एकाच सतरंजीवर. दुसरी गोष्ट सोबत्याची. तुमच्या कामात दुसऱ्या समाजातलं एक माणूस सुरुवातीपासून बरोबरीने हवं, शेवटी पाठिंब्यापुरतं नव्हे. हे तुमच्याइतकंच त्या दुसऱ्या समाजातल्या प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे. ज्याचं गावात सहज ऐकलं जातं त्याने आपल्या शेजारी कोण बसलं आहे हे पाहायलाच हवं, आणि त्याचा अहवाल आम्ही त्या नजरेने वाचतो. शिवीगाळ, धमकी, बहिष्कार असा प्रकार झाला तर तो "गावातला वाद" म्हणून मिटवू नका. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा आहे. पोलीस ठाण्यात जाताना आमच्यातलं कोणीतरी सोबत येईल.

काम फसलं. आता?

फसलेल्या कामावरही प्रमाणपत्र मिळतं. अट एवढीच की का फसलं ते गावासमोर सांगावं लागेल आणि ज्यांचा वेळ-पैसा गेला त्यांचं ऐकून घ्यावं लागेल. एका भाऊने तुरीसाठी सामूहिक साठवणुकीचा प्रयत्न केला होता. भाव पडल्यावर निम्म्या लोकांनी माल काढून नेला आणि खोलीचं भाडं उरलेल्यांवर आलं. माल कधी काढता येईल याचा नियम सुरुवातीला लिहिलाच नव्हता. त्याने सभेत हे सांगितलं आणि तिथेच लोकांनी पुढच्या हंगामासाठी नियम लिहून घेतला. तो अहवाल आम्ही नव्या तुकड्यांना वाचायला देतो.

अहवाल किती पानांचा, कोणत्या भाषेत?

पाच-सहा पानं, मराठीत, हाताने लिहिलेला चालेल. बॅनरसमोरचे गटाचे फोटो नकोत. वहीच्या पानाचा फोटो हवा.

कामासाठी वर्गणी जमवली. हिशोब कसा द्यायचा?

प्रत्येक रुपयाची पावती, खर्चाला दोघांच्या सह्या, आणि पूर्ण हिशोब मांडणीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर. उरलेली रक्कम तुमच्या खात्यात एक दिवसही राहू नये. पैशाच्या बाबतीत आम्ही कोणालाही सवलत देत नाही, कारण इथे गेलेली पत गावात परत मिळत नाही.

प्रमाणपत्राचा नोकरीत फायदा होतो का?

सरकारी भरतीत याचे गुण मिळत नाहीत. ही विद्यापीठाची पदवी किंवा पदविका नाही. तसं कोणी सांगून तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर लगेच कळवा. संस्था, उत्पादक कंपन्या, बँका यांच्या मुलाखतीत मात्र तुमच्या कामाबद्दल विचारतात. म्हणून बायोडेटात "नेतृत्व प्रशिक्षण पूर्ण" एवढंच लिहू नका. काय केलं, किती घरांशी संबंध आला, आता कोण चालवतं, हे तीन ओळींत लिहा.

काम करताना कर्जाने खचलेलं एखादं घर दिसलं तर माझी जबाबदारी काय?

आपल्या भागात हा प्रश्न टाळता येत नाही. तुम्ही समुपदेशक नाही आणि तसं व्हायचा प्रयत्नही करू नका. पण पाहून पुढे जाऊ नका. माणूस बोलेनासा झाला, जेवणखाण सोडलं, "आता माझ्यामागे तुम्हीच पाहा" असं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा, फवारणीचं औषध घरातून हलवायला घरच्यांना सांगा आणि आशा ताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क करा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं. कर्जाबद्दलचा सल्ला, पीक विमा, बँकेशी बोलणं हे सगळं नंतर. त्या घराचं नाव अहवालात किंवा गटात कुठेही येऊ देऊ नका. आणि अशा प्रसंगानंतर आम्हाला फोन करा, तुमच्यासाठी. हे एकट्याने पचवायचं नसतं.

मला पुण्यात नोकरी लागली. प्रशिक्षण अर्धवट सोडावं का?

जा, नोकरी घ्या. घराला आधार देणाऱ्या पगारापुढे आमचं प्रमाणपत्र मोठं नाही. जाण्याआधी दोन आठवडे द्या: वही, किल्ली, फोन नंबरांची यादी पुढच्या माणसाच्या हाती सोपवा आणि त्याला घेऊन एकदा सरपंच-ग्रामसेवकांना भेटा. तेवढं झालं तर मांडणी तो करेल आणि प्रमाणपत्र तुमच्या पत्त्यावर येईल.

प्रशिक्षण संपल्यावर तुमचा संबंध राहतो का?

दर पोळ्यानंतर जुन्या तुकड्यांचं एक दिवसाचं एकत्र बसणं असतं. येण्याचं बंधन नाही. अडचण घेऊन आलात तर तिच्यावर बोलतो, नाहीतर नव्यांच्या अडचणी ऐकायला या.

माझ्या मैत्रिणीला पुढच्या तुकडीत यायचं आहे. शिफारस करू का?

जरूर करा. शिक्षणाची अट बारावीची, आणि सध्या कुठलं तरी काम हातात हवं, पगारी असो वा मानधनाचं. अर्जासोबत शिफारसपत्र लागत नाही. त्याऐवजी तिला तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला घेऊन जा आणि तिथे तिने काय पाहिलं ते एका पानावर लिहून पाठवायला सांगा. निवड करताना आम्ही ते पान सगळ्यात आधी वाचतो.